रात्रशाळेतला प्रश्न: आभासी कणांच्या गर्दीचं वजन म्हणजेच डार्क मॅटर का नसावं?

रात्रशाळा_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात एका रात्रशाळेत नववी-दहावीला विज्ञान आणि गणित शिकवतो. शाळा संध्याकाळी साडेसहाला भरते. माझी मुलं दिवसभर कामावर असतात. कुणी यंत्रमागावर, कुणी कापडाच्या दुकानात, दोघं रिक्षा चालवतात. मागच्या बाकावरची एक मुलगी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर बसते. वर्गात येते तेव्हा तिच्या केसांत कापूस अडकलेला असतो.

गेल्या गुरुवारी आठच्या सुमारास लाइट गेली, म्हणून सगळ्यांना गच्चीवर नेलं. आसपासचं सगळं अंधारात होतं, मृग नक्षत्र स्वच्छ दिसत होतं. मी सांगितलं की हे तारे, वायू, धूळ, आपण स्वतः, सगळं मिळून विश्वाचा जेमतेम ५ टक्के भाग. सुमारे २७ टक्के डार्क मॅटर, म्हणजे दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते असा पदार्थ, आणि ६८ टक्के डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाला पसरवणारी न दिसणारी ऊर्जा. एकाने विचारलं, मग ताऱ्यांच्या मध्ये काय, नुसती पोकळी? मी म्हणालो, पोकळीसुद्धा रिकामी नसते, तिच्यात जोडीजोडीने कण जन्मतात आणि क्षणात विरतात, त्यांना आभासी कण म्हणतात. कुठंतरी वाचलं होतं, तसंच सांगून टाकलं.

त्यावर ही मुलगी म्हणाली, "सर, गड्ड्याच्या जत्रेत माणूस येतो, तासाभरात निघून जातो. पण होम मैदान कधी रिकामं दिसतं का? एक गेला की दुसरा येतोच. मग ते कण कितीही लवकर मरू देत, गर्दी तर कायम असणार की. त्या गर्दीचं वजन होणारच. तेच तुमचं डार्क मॅटर असेल."

मी म्हणालो, उद्या सांगतो. त्याला आज पाच दिवस झाले. ती रोज वही उघडून माझ्याकडे बघते. माझं बी.एस्सी. रसायनशास्त्रातलं, तेही सव्वीस वर्षांपूर्वीचं. मला तिच्या बोलण्यात चूक सापडत नाही, आणि "शास्त्रज्ञांनाही ते माहीत नाही बाळा" असं म्हणून सुटायचंही नाही. दिवसभर उभं-बसून काम करून जी मुलगी असा विचार करते, तिला खरं उत्तर मिळालं पाहिजे. खडू-फळ्यावर सांगता येईल असं कुणी समजावेल का?

पार्क_चौक

सर, सोपं आहे. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे हे कण थोडी ऊर्जा उसनी घेतात आणि लगेच परत करतात. उसनं फिटलं की शिल्लक शून्य. म्हणजे वजनही शून्य. म्हणून ते डार्क मॅटर नाही.

निवृत्त_प्राध्यापिका

पार्क चौक, हे उत्तर कितीतरी पुस्तकांत सापडतं, त्यामुळे तुमचा दोष नाही. पण ते त्या मुलीपुढे टिकणार नाही. ती लगेच म्हणेल, एकाने फेडलं तेवढ्यात दुसऱ्याने घेतलं, म्हणजे बाजारात उसनवारी कायम आहेच की. आणि तिचं बरोबर असेल. शिवाय गणितात अशी उसनवारी होतच नाही. ज्या गणितात हे कण येतात त्यात प्रत्येक सांध्यावर ऊर्जा आणि संवेग काटेकोर जपलेले असतात. फक्त खऱ्या कणाची ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान यांचं जे ठरलेलं नातं असतं, ते आभासी कण पाळत नाही.

सर, मी ३१ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. जुळे सोलापुरात राहते, आणि हा प्रश्न वाचून काल रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. तुमच्या मुलांना सगळ्यात आधी आभासी कण म्हणजे काय ते नीट कळायला हवं. त्यासाठी फळ्यावर २७ अधिक ३५ मांडा.

सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. दोन आणि तीन पाच, हातचा एक मिळवून सहा. उत्तर ६२. आता मुलांना विचारा, हा हातचा एक कुठून आला? तो २७ मध्ये नव्हता, ३५ मध्ये नव्हता, ६२ मध्येही दिसत नाही. पण तो विसरलात तर उत्तर ५२ येतं आणि दुकानात भांडण होतं. मग लगेच दुसऱ्या रीतीने करा. वीस आणि तीस पन्नास, सात आणि पाच बारा, पन्नास आणि बारा बासष्ट. उत्तर तेच, आणि हातचा कुठे आलाच नाही.

आभासी कण हा असा हातचा आहे. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे ढकलतात याचं अचूक गणित एका दमात सुटत नाही, म्हणून ते तुकड्यातुकड्यांत, एकेक लहान दुरुस्ती मिळवत करावं लागतं. फाइनमन या शास्त्रज्ञाने १९४८-४९ च्या सुमारास त्या तुकड्यांसाठी आकृत्या काढल्या. आकृतीत ज्या रेषा आत सुरू होऊन आतच संपतात, त्यांना आभासी कण म्हणतात. त्यांचं मोल खरं आहे. १९४७ मध्ये लँब आणि रदरफोर्ड (अणुकेंद्रवाले अर्नेस्ट नव्हेत, हे रॉबर्ट रदरफोर्ड, इंग्रजीत नावाची अक्षरंही थोडी वेगळी) यांनी हायड्रोजनच्या दोन पातळ्यांमध्ये अगदी बारीक फरक मोजला, जो जुन्या सिद्धान्तानुसार असायलाच नको होता. पुढच्याच वर्षी श्विंगरने इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वातली पहिली दुरुस्ती काढली, ०.००११६. आज ती मोजणी आणि ते गणित दशांशाच्या दहाव्या-अकराव्या स्थानापलीकडे जुळतं. हातचा विसरला असता तर यातलं काहीच जुळलं नसतं.

पण त्याच निसर्गाचं गणित हातच्याशिवायही होतं. अवकाश-काळाची जाळी धरून संगणकावर सरळ हिशेब करायची रीत आहे. २००८ मध्ये त्या रीतीने प्रोटॉनचं वस्तुमान काढलं, ते प्रयोगातल्या आकड्याशी जुळलं, आणि त्या हिशेबात आभासी कणांच्या रेषा आल्याच नाहीत. म्हणून गड्ड्यात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसारखे हे कण पोकळीत सुटे सुटे हिंडत नसतात. मैदानातल्या माणसाचा फोटो काढता येतो. हातच्याचा निघत नाही.

रात्रशाळा_सोलापूर

मॅडम, हातचा वाचला आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. पण एक विचारतो. हातच्याला वजन नाही, असं मी तिला सांगू का? म्हणजे प्रश्न मिटला, असं?

निवृत्त_प्राध्यापिका

नाही सर, तसं सांगू नका. इथेच तिचा प्रश्न खरा अवघड होतो. हातचा सुटा नसला तरी ज्या बेरजेत तो येतो त्या बेरजेला वजन असतं. प्रोटॉनचंच बघा, त्याच्या आतल्या क्वार्क नावाच्या घटककणांचं स्वतःचं वस्तुमान एक टक्क्याच्या आसपास. बाकीचं सगळं आतल्या क्षेत्रांच्या आणि हालचालीच्या ऊर्जेचं. तुमचं-माझं वजन बहुतेक तेच आहे. ही ऊर्जा गुरुत्वाला लागू होते का, हेही तपासलेलं आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोत ॲल्युमिनियम आणि प्लॅटिनम सूर्याकडे सारख्याच ओढीने ओढले जातात का हे कमालीच्या बारकाईने मोजलं. दोन्हींच्या अणूंत अशा दुरुस्त्यांचा वाटा वेगवेगळा आहे, तरी ओढ सारखीच निघाली. म्हणजे "तो नुसता हिशेब आहे, त्याला वजन नाही" असं म्हणून सुटता येत नाही.

मग अणू नसलेल्या, निव्वळ पोकळीच्या ऊर्जेलाही वजन हवं. तुमच्या विद्यार्थिनीने गच्चीवर जे विचारलं, जवळपास तेच १९६७ मध्ये झेल्दोविच या रशियन शास्त्रज्ञाने विचारलं होतं. तिला हे जरूर सांगा.

खोडदची_वाट

मॅडम, सर, नमस्कार. मी मूळचा बाळीवेशीतला. सध्या पुण्यात संशोधन करतो, आणि माझी निरीक्षणं नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर होतात. त्या मुलीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर मी देतो.

ती म्हणते ती गर्दी मान्य करू. आपण तिला पोकळीची ऊर्जा म्हणू. पण ही गर्दी गड्ड्यासारखी एका मैदानात होत नाही. पोकळी सगळीकडे सारखीच. होम मैदानावर जेवढी, तेवढीच हिप्परग्याच्या तळ्यावर, तेवढीच दोन आकाशगंगांच्या मधल्या ओसाड जागेत. ती कुठे दाटत नाही, कुठे विरळ होत नाही. डार्क मॅटर मात्र दाटतं. ते आकाशगंगांभोवती गोळा झालंय, म्हणून तर आपल्याला कळलं. १९३३ मध्ये झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाने कोमा नावाच्या दीर्घिकासमूहात (दीर्घिका म्हणजेच आकाशगंगा) बघितलं की तिथल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावतायत की दिसणाऱ्या पदार्थाच्या ओढीने त्या एकत्र राहणंच शक्य नाही. आणि २००६ चा पुरावा तर मला सगळ्यात ठाम वाटतो. दोन दीर्घिकासमूह एकमेकांवर आदळून आरपार गेलेत, त्याला बुलेट क्लस्टर म्हणतात. टकरीत त्यांचा तापलेला वायू एकमेकांत अडकून मागे राहिला. पण वजनाच्या ओढीने मागून येणारा प्रकाश कुठे वाकतो ते मोजलं, तर बहुतेक वजन वायूपाशी नव्हतंच, ते पुढे निघून गेलं होतं. जी वस्तू टकरीनंतर आपल्या वाटेने पुढे जाते ती पोकळीचा गुण असू शकत नाही, कारण पोकळी कुठून कुठे जाणार?

म्हणून तिचं उत्तर डार्क मॅटरला लागू होत नाही. पण डार्क एनर्जीला होतं का बघा! सगळीकडे सारखी, न दाटणारी, जागा वाढली तरी विरळ न होणारी. हुबेहूब तेच वर्णन. १९९८ मध्ये दूरच्या ताऱ्यांचे स्फोट मोजणाऱ्या दोन गटांना दिसलं की विश्वाचं प्रसरण मंदावत नाहीये, उलट वाढतंय. त्याला २०११ चं नोबेल मिळालं. वजन असलेली गोष्ट दूर कशी लोटते, हे मुलं विचारतीलच, तर सायकलचा पंप दाखवा. पंपात हवा कोंडून दांडा सोडला की हवा पसरते, विरळ होते, तिची ऊर्जा कमी होते, दांडा बाहेर लोटला जातो. आता पंपात अशी गोष्ट भरा जी जागा वाढली तरी विरळ होत नाही. दांडा ओढला, जागा दुप्पट झाली, तर ऊर्जाही दुप्पट झाली. ही जास्तीची ऊर्जा तुमच्या हातानेच ओढून घातली, म्हणजे ती गोष्ट दांड्याला आत खेचत होती. हा उलटा दाब, ऋण दाब. आइन्स्टाइनच्या गुरुत्वात घनतेबरोबर दाबाचीही तिप्पट मोजली जाते. दाब ऋण आणि घनतेइतकाच मोठा असेल तर तिप्पट ऋण एका धनावर मात करतं, आणि ओढीऐवजी लोट मिळतो.

एवढं जुळल्यावर आकडा काढायचा. आणि आकडा भयंकर चुकतो. पोकळीची ऊर्जा गणिताने मोजायला गेलं तर प्रत्यक्ष दिसते त्यापेक्षा सुमारे १० चा १२० वा घात, म्हणजे एकावर १२० शून्यं, इतक्या पटीने जास्त येते. हिशेब कमी ऊर्जेपाशी थांबवला तरी पन्नासहून जास्त शून्यं उरतात. पाउलीने फार पूर्वीच असा हिशेब करून बघितला होता आणि असं विश्व चंद्रापर्यंतही पोचलं नसतं असा निष्कर्ष काढला होता, असं त्याच्या सहायकांनी नोंदवलंय. इलेक्ट्रॉनला दहा-अकरा स्थानांपर्यंत अचूक ठरलेली तीच रीत इथे अशी का कोसळते, हे आज कुणालाच उलगडलेलं नाही. मला स्वतःला हे सगळ्या विज्ञानातलं सगळ्यात मोठं कोडं वाटतं, आणि तुमच्या रात्रशाळेतली मुलगी स्वतःच्या डोक्याने त्याच्या दारापर्यंत आली. हे तिला कळू द्या.

फळ्यासाठी आकडे देतो. आपल्या आसपास, सूर्य आहे त्या भागात, एका लिटर जागेत ३०० ते ४०० प्रोटॉनांच्या वजनाइतकं डार्क मॅटर असावं. सगळ्या पृथ्वीएवढ्या जागेत मिळून अर्धा ते पाऊण किलो. डार्क एनर्जी तेवढ्याच जागेत फक्त ६ मिलिग्रॅमच्या आसपास. तरी विश्वात ६८ टक्के तीच, कारण आकाशगंगांच्या मधल्या अफाट रिकाम्या जागेतही ती तेवढीच भरलेली आहे.

मंगळवेढेकर

लई भारी प्रश्न आहे पोरीचा. मी शेतकरी, दहावीपर्यंत शिकलोय, पण एक सांगतो, चुकलं तर सांगा. आत्ता आमची ज्वारी हुरड्यात आली आहे, पाखरं राखायला गोफण फिरवतोय. गोफण जितकी जोरात फिरवावी तितका हाताला ओढा जास्त बसतो. दोरी तुटली की दगड सुटला. समजा अंधारात दोरी दिसत नाही, नुसता दगड गरगर फिरताना ऐकू येतोय, तरी दोरी आहे आणि ती किती मजबूत आहे हे दगडाच्या वेगावरून कळणारच. डार्क मॅटर असंच ओळखलं का?

निवृत्त_प्राध्यापिका

दादा, अगदी असंच. यात एक अक्षर बदलायची गरज नाही. सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटरने फिरतो आणि दूरचा नेपच्यून फक्त साडेपाच किलोमीटरने, कारण लांब गेलं की सूर्याची ओढ कमी पडते. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी शेजारच्या देवयानी दीर्घिकेत हेच मोजलं, तर काठावरचा वायूही आतल्याइतकाच वेगाने फिरताना सापडला. दगडाचा वेग होता, दोरी दिसत नव्हती.

खोडदची_वाट

आणि तो दगडाचा आवाज आम्ही खोडदला ऐकतो. हायड्रोजन वायू २१ सेंटीमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी ती टिपायची आणि दूरच्या दीर्घिकेत वायू किती वेगाने फिरतोय ते काढायचं.

रात्रशाळा_सोलापूर

काल तास झाला. सगळ्यांत आधी मी सांगितलं की गुरुवारी गच्चीवर मी जे बोललो ते नीट नव्हतं. मुलं गप्प बसून ऐकत होती. मग हातचा. रिक्षावाल्या मुलाने दोन्ही रीतींनी चार बेरजा करून बघितल्या तेव्हाच त्याची खात्री पटली. सायकलचा पंप शाळेत नव्हता, पलीकडच्या पंक्चरच्या दुकानातून आणला. गोफणीला दादांचं नाव घेऊन सांगितलं.

ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. अर्धा किलो ऐकल्यावर म्हणाली, "आमचा मोठा टॉवेल पाचशे ग्रॅमचा असतो." मग उठून फळ्यापाशी आली. आमची खोली साधारण सहा मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, तीन मीटर उंच. ८१ घनमीटर, म्हणजे ८१ हजार लिटर. लिटरला ३०० धरून तिने गुणाकार केला, २ कोटी ४३ लाख प्रोटॉनांइतकं. आकड्याभोवती चौकट काढली आणि जागेवर जाऊन बसली. झेल्दोविचचं नाव तिने वहीत लिहून घेतलंय.

सुटताना एक विचारून गेली, ते इथे पोचवतो. डार्क मॅटर दाटतं म्हणता, तर पृथ्वीच्या ओढीने आपल्या पायाखाली, अगदी मध्यभागी, त्याचा ढीग साचला असेल का?

खोडदची_वाट

तिला सांगा, ढीग साचत नाही. कारण तिला पंपातल्या हवेवरून समजेल. हवा दाटते कारण तिचे कण एकमेकांवर आपटतात, ऊर्जा गमावतात, बसतात. डार्क मॅटर कशावर आपटतच नाही म्हटलं तरी चालेल. ते पृथ्वीत सेकंदाला शेकडो किलोमीटरने शिरतं. पृथ्वीतून निसटायला ११.२ किलोमीटरचा वेग पुरतो. वाटेत ऊर्जा गमवायला काही कारणच नाही, त्यामुळे ते आत शिरतं तसंच पलीकडून निघून जातं. आत्ता तुमच्या वर्गातूनही जातंय. त्यातला एखादा कण चुकून कशावर तरी आदळेल म्हणून अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, टनावारी द्रवरूप झेनॉन भरून लोक वाट बघतायत. आपल्याकडे झारखंडात जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खाली प्रयोगशाळा आहे. अजून कुणालाच तो कण मिळालेला नाही.

सर, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली करतात, शाळांची मुलं येतात. तुमची मुलं आणता येतील का? मी तिथे असेन. तबकड्या जवळून दाखवेन आणि आलेख कसा वाचायचा ते त्यांच्याकडूनच करून घेईन.

रात्रशाळा_सोलापूर

आणतो. रिक्षावाली दोन्ही मुलं आत्तापासून तयार आहेत. तिच्या कारखान्यात महिनाअखेरीला माल पाठवायची घाई असते, सुट्टी सहज मिळत नाही. उद्या मी स्वतः मालकांना भेटून एका दिवसाची सुट्टी मागणार आहे.